पांढऱ्या भिंतींची खोली

परवा एका काळजीने मला झोपच लागली नाही. आम्ही हप्ते भरून घेतलेलं एका खोलीचं घर आठ महिने रिकामं आहे. ते बघायला एक बाई आल्या होत्या, कडेवर दीड वर्षाचं बाळ. बोलायला सरळ, नोकरी पक्की, अनामत द्यायला तयार. लेकीला सोबत घेऊन मी घर दाखवलं आणि म्हटलं, "कळवते." आणि मग डोक्यात एकच: हे बाळ नव्या रंगाच्या भिंतीवर रेघोट्या ओढेल का? सकाळी मी नकार कळवून टाकला. त्याने तरी बरं वाटावं, तर तेही नाही.

दुपारी जेवताना लेकीने गोष्ट मागितली, तेव्हा सुचली ती ही. लहानांसाठी आहे. मोठ्यांनी ऐकली तरी चालेल.

खूप जुन्या काळी घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाच्या टोकाला घोंगड्या विणणारी एक बाई एकटीच राहायची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. पंधरा वर्षं विणून विणून तिने आपल्या खोलीला लागून दुसरी खोली बांधली. दोन्ही खोल्यांचं छप्पर एकाच लांब लाकडावर पेललेलं होतं. त्याला आढं म्हणतात.

"हात थकले की या खोलीच्या भाड्यावर म्हातारपण निघेल," ती म्हणाली. कोणाला म्हणाली? स्वतःलाच. ऐकायला दुसरं होतं कोण!

तिच्या स्वतःच्या खोलीत चूल होती. तिथल्या भिंती नि छप्पर धुराने काळेकुट्ट झालेले. नव्या खोलीला मात्र तिने चुना देऊन पांढरंशुभ्र केलं. त्या भिंतींवर तिचा फार जीव.

पहिल्यांदा एक कासार आला.

"बाई, बांगड्यांच्या माळा टांगायला चार खुंट्या ठोकाव्या लागतील."

"भिंतीला भोकं? नाही जमायचं."

मग एक पंतोजी आले. "पाचसहा पोरं शिकायला येतील," म्हणाले.

"पोरं भिंतीला हात पुसतात."

"पुसतात खरी. मीही पुसायचो," पंतोजी म्हणाले, आणि हसत निघून गेले.

पावसाच्या तोंडावर एक जोडपं आलं. नवरा कापड रंगवायचा, बायकोच्या कडेवर तान्हं लेकरू.

"मावशी, खुंटी नको, काही नको. कोपऱ्यात एक चूल मांडू द्या, बस."

"आत चूल? चार दिवसांत भिंती काळ्या करशील. बाहेर मांड."

"पावसात? या लेकराला घेऊन?"

"मग दुसरीकडे बघ बाई."

रंगाऱ्याची बायको दारातच उभी राहिली. आत बघत म्हणाली, "एवढ्या पांढऱ्या खोलीत राहणार तरी कोण, मावशी?" आणि गेली.

त्यानंतर कोणी विचारायला आलं नाही. बाई रोज कुलूप उघडायची, खोली झाडायची, पुन्हा कुलूप लावायची. संध्याकाळी दोन खोल्यांमधल्या भिंतीला टेकून भाकरी खायची. मग एके दिवशी पलीकडून आवाज आला. कुर्र, कुर्र. बारीक, पण रोज.

"आलं वाटतं कोणीतरी," ती भिंतीला म्हणाली. ज्या दिवशी आवाज यायचा नाही, त्या दिवशी तिला घास गोड लागायचा नाही.

रिकाम्या खोलीत आताशा पिवळसर भुकटी पडायची. वाऱ्याने माती येत असेल, असं म्हणत ती रोज झाडून बाहेर टाकायची. अशी काही वर्षं गेली. हात थकले. खोली पांढरीच होती.

आणि एका वाऱ्याच्या दिवशी ती अंगणात विणत बसलेली असताना आढं मोडलं. पांढरी खोली आधी खाली आली, आणि तिने काळी खोलीही आपल्याबरोबर ओढली.

गावचा सुतार आला. त्याने आढ्याची दोन्ही टोकं ओढून काढली.

"आजी, हे तुमच्या खोलीतलं टोक. कुऱ्हाड मारून बघा, लागत नाही. आणि हे त्या खोलीतलं." त्याने नुसतं दाबलं, तर लाकडाचा रवा झाला.

"अरे, त्या खोलीत मी पाण्याचा थेंब पडू दिला नाही!"

"आणि धूर?"

बाई आढ्याच्या काळ्या टोकाकडे बघू लागली.

"चुलीचा धूर लागलेल्या लाकडाला भुंगा तोंड लावत नाही, आजी. तो आत कुरतडत होता. ऐकू नाही आलं कधी?"

"आलं की," ती हळूच म्हणाली. "रोज यायचं." मग काहीतरी आठवून म्हणाली, "मी तर माती झाडत होते रे. पिवळी माती."

"माती कसली! आढं झाडत होता तुम्ही."

पुन्हा घर बांधायचं बळ तिच्यात नव्हतं. शेजारच्या गावात तिने एकीच्या पडवीत जागा मागितली. घरधनीण म्हणाली, "चूल त्या कोपऱ्यात मांड. आधीच्या माणसांनी भिंत काळी केलीय, तेवढं चालवून घे." बाई त्या काळ्या भिंतीला टेकून बसली. पलीकडे कोणाचं तरी पोर रडत होतं. तिला बरं वाटलं.

तात्पर्य: घर राहत्या माणसांनी मळतं, आणि राहत्या माणसांमुळेच उभं राहतं.

तात्पर्य मी जरा मोठ्याने सांगितलं. माझ्या कानांपर्यंत जावं, म्हणून असेल. लेक ताटातला भात एका कडेला सारत होती. गोष्ट कळली नसणार, असं मला वाटलं. मग ती म्हणाली,

"आई, घर बघायला आलेल्या काकूंच्या बाळाला माझे खडू देऊया? जाडे वाले. बारीक वाले त्याच्या हातात मोडतील."