अध्यक्षांना हवी तिरंग्याची शाल

पंधरा ऑगस्टच्या सकाळी शिक्षण संस्थेचे अध्यक्ष भालचंद्रराव मोहोळकर व्यासपीठावरच्या सोफ्यात मागे रेलून बसले आणि त्यांनी हुकूम सोडला, "सत्काराला नेहमीची शाल नको. तिरंगाच घाला खांद्यावर, फोटोत उठून दिसेल."

मुख्याध्यापकांना झेंड्याचे नियम तोंडपाठ होते, पण नोकरीही प्यारी होती. ते आपल्या बुटांकडे बघत राहिले. झेंड्याची पेटी शाळेच्या शिपाई द्वारकाबाई यांच्या ताब्यात असायची. त्या जागच्या हलल्या नाहीत.

"ऐकू आलं नाही का?" अध्यक्ष म्हणाले. "उद्यापासून घरी बसायचंय?"

"ऐकलं साहेब," द्वारकाबाई शांतपणे म्हणाल्या. "माणसाच्या अंगावर तिरंगा घालायची रीत आहे, नाही असं नाही. आमचे मालक फौजेत होते. त्यांना सीमेवरून घरी आणलं, तेव्हा त्यांच्या अंगावर होता. अग्नी द्यायच्या आधी जवानांनी तो उचलला, नीट घडी केली आणि माझ्या हातात दिला. त्यामुळे मला सगळं ठाऊक आहे. ही बघा, पेटी उघडते. तुम्ही फक्त आडवे व्हा, आणि घडी हातात घ्यायला वहिनीसाहेबांना बोलावून ठेवा."

मैदानावर कोणी हसलं नाही. अध्यक्ष मात्र सोफ्यातून ताडकन उठले. झेंडावंदन झालं, सगळी भाषणं संपली, तरी ते पुन्हा पाठ टेकायला तयार नव्हते.