नदीबाई सांगायला आली

या, गोधडीत शिरा. पाय झाकून घ्या. आज सांगते ती गोजराची गोष्ट.

नदीकाठच्या एका गावात गोजरा राहायची. घरात ती आणि तिचा नवरा बाळकू. गोठ्यात चंद्री म्हैस, दोन शेळ्या आणि डालग्याखाली कोंबड्या. एवढाच संसार.

तर एकदा काय झालं, भर दुपारी गावात एक बाई आली. लुगडं ओलंचिंब, केसांतून पाणी गळतंय. आणि बाहेर ऊन पडलेलं, बरं का. ती पहिल्या दारात गेली. तिथली माणसं जेवत होती, कुणी वर पाहिलं नाही. दुसऱ्या दारात गेली. त्यांनी तिला अंगणात थांबवलं आणि विसरून गेले. मग ती गोजराच्या दारात आली.

गोजरानं तिला कोरडं लुगडं दिलं. पण अंगाला लागलं तसं तेही भिजलं.

"बाई, तुम्ही कुणाच्या?" गोजरानं विचारलं.

"मी नदी आहे गं," ती म्हणाली. "वर डोंगरात फार पाऊस झालाय. उद्या मी तुमच्या गावात शिरणार. मला थांबता येत नाही. माणसं पळतील, पण बांधलेल्या जनावरानं काय करावं? मागच्या पुरात एक वासरू वाहून गेलं. दावं गळ्यातच होतं. त्याचं हंबरणं अजून माझ्या कानात आहे."

एवढं बोलली आणि उंबऱ्यावरून ओघळून निघून गेली. मागे राहिली नुसती ओली वाट.

बाळकूनं त्या ओल्या वाटेकडे पाहिलं. शेळ्या सोडल्या, डालगं डोक्यावर घेतलं. मग दोघं चंद्रीला घेऊन गावामागच्या उंच माळावर गेली. कडबा नेला, पाण्याची घागर नेली. जाता जाता घरोघर सांगितलं. काहींनी ऐकलं, आपली गुरं काढली. काही आभाळाकडे बघून हसले.

शेजारचे शिरपाकाका हसले नाहीत. पण त्यांचा बैल आंधळा होता.

"त्याला कुठे चढवू, पोरी? तो गोठ्याबाहेर पडत नाही."

"मग दावं तरी सोडून ठेवा, काका."

"सुटला तर विहिरीत पडेल गं."

दुसऱ्या दिवशी उजाडलं, आणि आधी पाणी धुण्याच्या दगडावर आलं. मग उकिरड्याला लागलं. मग गल्लीत शिरलं. गोजरा आणि बाळकू विळे घेऊन खाली पळाले. माणसं माळाकडे धावत होती, गुरं गोठ्यात ओरडत होती. हे दोघं घराघरात शिरले, दावी कापत गेले. मोकळी झालेली गुरं पोहत पोहत माळाला लागली.

शिरपाकाका मात्र गोठ्यातच होते. पाणी छातीला लागलेलं. बैलाच्या मानेला मिठी मारून उभे होते.

"तू जा, पोरी. एकटा राहिला तर घाबरेल तो."

गोजरानं दावं कापलं. बैल तरंगला, काका त्याच्या शेपटीला धरून, गोजरा शिंगाला धरून बाहेर पडले. पण बैलाला दिशा कुठली दिसणार? तो गोल गोल फिरायला लागला. वर माळावरून चंद्री हंबरत होती. पण पाण्याचा आवाज एवढा मोठा की त्याला काही ऐकू येईना.

गोजरा म्हणाली, "नदीबाई, हा आंधळा आहे." नदीनं ऐकलं नाही.

पुन्हा म्हणाली. पाणी तसंच गरजत राहिलं.

मग तिच्या नाकातोंडात पाणी गेलं. तिसऱ्यांदा ती अगदी हळू म्हणाली, "थांबू नकोस, बाई. थोडी गप्प हो."

आणि नदी गप्प झाली. एवढा मोठा पूर, सगळा गाव बुडालेला, पण आवाज नाही. पानावरचा थेंब पडला तरी ऐकू यावा, असं. मग बैलानं कान हलवले. चंद्री हंबरली. त्यानं मान तिकडे वळवली आणि सरळ पोहत निघाला. पायाखाली माती लागली तेव्हा आधीच माळावर पोचलेल्या बाळकूनं तिघांना वर ओढलं. मग नदी पुन्हा गरजायला लागली.

शिरपाकाकांनी पोत्यानं बैलाचं अंग पुसून काढलं. किती वेळ पुसत होते. गोजरानं चंद्रीची धार काढली, पोराबाळांना घोट घोट दूध दिलं. एक तान्हं बाळ तर शेळीच्या पोटाला टेकून झोपलं. ऊब असते ना तिथे.

मग पाणी ओसरलं. घरांत चिखल झाला होता, पण तो काढता येतो. सगळी जनावरं आपापल्या पायांनी घरी गेली. आंधळ्या बैलापुढे शिरपाकाका चालत होते आणि वाटभर त्याच्याशी बोलत होते. पुढे गोजराचं बरं झालं, काकांचं बरं झालं, सगळ्यांचंच बरं झालं.

चला, आता कूस बदला आणि डोळे मिटा. गोठ्यातली सगळी कधीच निजली आहेत.