रेशमाने बांधलेला बहर

डोंगराच्या कुशीतल्या त्या जपानी खेड्यात चेरीचे एकच मोठे झाड आहे. ते फुलले की परगावचे लोक गाड्या भरभरून येतात, फोटो काढतात. गावकरी मात्र आपापल्या मागांवर विणत बसलेले असतात. पाहुण्यांना नवल वाटते. मग चहाचे दुकान चालवणाऱ्या कियोआजी त्यांना तोकुबेईची गोष्ट सांगतात.

फार जुनी गोष्ट, म्हणे. तोकुबेई रेशीम विणायचा. बायको बाळंतपणात गेलेली. नऊ वर्षांची सायो हेच त्याचे जग. त्या वर्षी पोरीने अंथरूण धरले. चेरी फुलली त्या दिवशी वैद्याने नाडी पाहिली आणि अंगणात येऊन हळूच सांगितले, "ही फुलं आहेत तोवर पोर आहे."

बहर टिकत नाही म्हणूनच तो जीव लावतो, असे कालपर्यंत तोकुबेईच इतरांना सांगत असे. आता त्याला ते पटेना. त्याने मागावरचे रेशमी दोरे सोडवून घेतले, झाडाला शिडी लावली आणि त्या दोऱ्यांनी एकेका फुलाच्या पाकळ्या आवळून बांधायला घेतल्या. लोक म्हणाले, वेड लागलंय. लागलेच होते, पोर हातची जात असताना बाप शहाणा राहील कसा? उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत तो झाडावरच.

सायो दारापाशी पडून हाक मारी, "बाबा, मला झाडाखाली घेऊन बसा ना. पाकळ्या अंगावर पडताना बघायच्यात."

"एकही पडू देणार नाही, बाळा," तो वरूनच सांगे.

वारा आला, पाऊस आला. पाकळी हलली नाही. दहाव्या दिवशी शेवटची गाठ मारून तो धावतच घरात शिरला. झाडावर बहर तसाच होता. सायो गेली होती.

उशाशी बसलेली म्हातारी शेजारीण म्हणाली, "फार हाका मारल्या रे तिनं तुला."

असे सांगतात, की त्याने तिला झाडाखाली आणले, मांडीवर घेतले आणि हाताला येईल तो दोरा तोडत सुटला. पण आवळलेली फुले आतल्या आत केव्हाच सुकली होती. ती तरंगत आली नाहीत, तपकिरी गोळे होऊन तिच्या अंगावर टपटपली. तोकुबेई ऊर फुटेस्तोवर रडला.

आजही त्या गावात पाकळ्या गळू लागल्या की माग थांबतात. विणकर अर्धे कापड तसेच टाकून पोरांना घेऊन झाडाखाली जातात. आणि त्या दिवशी कुठल्याही मुलाने हाक मारली, की बापाने पहिल्याच हाकेला ओ द्यायची असते.