मंत्री नसलेला फोटो

“पण चाचा, यात मंत्री आहेत कुठं?”

सुहासनं फोटो उलटासुलटा करून पाहिला. मागं पेन्सिलीनं ‘नळयोजना उद्घाटन’ एवढंच. पुढं नुसती माणसंच माणसं.

“माझ्या पाठीमागं,” गफूरचाचा म्हणाले.

गावच्या साप्ताहिकासाठी चाचांनी उभा जन्म फोटो काढले. आता डोळे गेलेले. सुहास त्यांच्याच हाताखाली शिकला, जिल्ह्याच्या पेपरात गेला, बक्षिसं घेऊन आला. आता वाचनालयात गुरूच्या फोटोंचं प्रदर्शन भरवणार होता. गल्लीत त्याचं कोण कौतुक!

चाचांचा मुलगा फोटोंनी भरलेली ही खोली पाडून नवी बांधणार, म्हणून निवड आजच उरकायची होती. नको ते पोत्यात, आणि पोतं भंगारवाल्याला.

“फीत कापून झाली की तुम्ही स्टेजकडं पाठ करायचात?”

“हां. रोलमधला शेवटचा एक मी राखून ठेवायचो.”

“पेपरात छापून आला कधी असला एखादा?”

“कधीच नाही. संपादकसाहेब शिव्या घालायचे.”

“घालणारच! अहो चाचा, लोक तिथं इतिहास बघायला येणार. गर्दी काय बघायची? ती बाजारात रोज दिसते.”

“दिसते का तुला?”

सुहासचे कान लाल झाले. त्यानं फोटो पोत्यात टाकला. मग दुसरा. मग गठ्ठाच.

चाचा पडणाऱ्या फोटोंचा आवाज ऐकत बसले...

“गफूरभाऊ, अंबाडीची भाजी आणलीय. गरम आहे तोवर खाऊन घ्या.”

शेजारच्या गिरजामावशी. वाटी ठेवायला त्या वाकल्या, आणि पोत्याच्या तोंडाशी त्यांची नजर गेली.

त्या तशाच खाली बसल्या.

नळयोजनेचाच फोटो, गठ्ठ्याखालून अर्धा बाहेर आलेला. गर्दीत एका माणसाच्या खांद्यावर पोर बसलेली. वेणीची रिबीन तोंडात.

“मंदी...”

“कोण मंदी?” सुहासनं विचारलं.

“माझी थोरली. त्याच साली गोवरात गेली.” मावशींनी फोटो ओढून घेतला, तळव्यानं त्यावरची धूळ पुसली. “भाऊ, हिचं तोंड विसरत चालले होते हो मी...”



बाहेर भंगारवाल्यानं हाक दिली. सुहास दाराशी गेला. “काही नाही द्यायचं. जा तू.”

परत येऊन त्यानं पोतं उलटं केलं. एकेक फोटो उचलून निरखायला लागला. मघाशी नुसती गर्दी होती, तिथं आता एकेक तोंड दिसत होतं.

आणि मग त्याचा मूळ स्वभाव उसळून वर आला.

“चाचा, हाच मधोमध लावतो! दारातून शिरल्या शिरल्या दिसला पाहिजे. मावशी, द्या बघू इकडं.”

मावशींनी फोटो छातीशी धरला होता.

“चाचा, तुम्ही तरी सांगा यांना. अख्ख्या प्रदर्शनाचा जीव आहे तो!”

चाचांनी हात पुढं केला, हवेत चाचपडला. फोटोची कड हाताला लागली. मग त्यावर घट्ट मिटलेली मावशींची बोटं...

त्यांनी हळूच आपला हात मागं घेतला.

“तो लागला जागेवर,” चाचा म्हणाले. “तू आता भिंतीचं बघ.”