फणसाचा चीक आणि शास्त्रीबुवांची दाढी

कोकणातल्या एका संस्थानात राजेसाहेबांचा खास राखलेला फणस चोरीला गेला. काशीहून दाढी आणि तर्क दोन्ही वाढवून आलेल्या शास्त्रीबुवांनी बाजारात गरे विकणाऱ्या आवडूला दरबारात आणवलं, कारण तिच्या हातांना चीक होता.

"वस्तूंची नावं घेतली की बुद्धी घसरते," शास्त्रीबुवा म्हणाले. "म्हणून चोराला 'क' म्हणू आणि चिकट हातांच्या माणसाला 'ख'. प्रत्येक 'क' हा 'ख' असतो. ही बाई 'ख' आहे. म्हणून ही 'क'."

दरबारात कुणालाच काही कळलं नाही, त्यामुळे सगळ्यांनी माना डोलावल्या. राजेसाहेबांनी धिंडीसाठी गाढव मागवलं.

आवडू म्हणाली, "महाराज, मला अक्षरं कळत नाहीत. 'क'च्या जागी माझा बोकड घातला तर चालेल?"

"काहीही घाल," शास्त्रीबुवा म्हणाले. "तर्क बदलत नाही."

"मग प्रत्येक बोकडाला दाढी असते. शास्त्रीबुवांना दाढी आहे." तिनं कमरेला गुंडाळलेलं दावं सोडलं. "परवापासून माझा बोकड हरवलाय. धिंडीला येते मी, पण आधी याला घरी बांधून येते."

शास्त्रीबुवा दोन पावलं मागं सरकले. "अगं, दाढी असलेला प्रत्येक जण बोकड थोडाच असतो?"

"बघा महाराज," आवडू म्हणाली, "दावं गळ्याशी आलं की शास्त्रीबुवांनाही बरोबर सुचतं."

राजेसाहेबांनी गाढव परत पाठवलं. दावं मात्र दरबारात ठेवून घेतलं.