राजाचा तरवड

लई मागची गोष्ट. माळरानांच्या मुलखात एक राजा होता. मुलूख मोठा, पण गावागावांत भांडणं. एका गावाचं पाणी दुसरं गाव पीत नसे.

राजाला वाटलं, सगळ्यांचं म्हणून एक निशाण असावं. त्यावर एक फूल असावं. दसऱ्याला प्रत्येक गावानं त्या फुलांची टोपली निशाणाखाली ओतायची. सगळी गावं आली, तरच निशाण चढवायचं.

दरबारी म्हणाले, "कमळ घ्या, महाराज." कुणी म्हणालं, "सोनचाफा."

राजा म्हणाला, "तरवड."

दरबारी एकमेकांकडं बघू लागले. तरवड? बांधावर आपोआप उगवणारं पिवळं झुडूप, ज्याला शेळीसुद्धा तोंड लावत नाही?

"कमळाला तळं लागतं," राजा म्हणाला. "तरवड सगळ्यांच्या दारात आहे. नवरात्रात घटाला माळ त्याचीच घालता ना?"

गावांतही बाया तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. "अगं बाई, आपला तरवड निशाणावर!"

प्रधानाला मात्र हे साधेपण सोसवेना. त्यानं दवंडी पिटवली, "तरवड आता राजाचं फूल! दसऱ्याखेरीज जो तोडील, तुडवील, त्याची गुरं जप्त!" राजाला वाटलं, फुलाचा मान राखतायत, राखू द्या.

पुढं एका म्हातारीची शेळी तरवडाला अंग घासताना शिपायांनी पाहिली. शेळी कोंडवाड्यात गेली. म्हातारी दाराशी रडत बसली. ती गोष्ट गावोगाव पोचली.

दसरा उजाडला. राजा निशाणाखाली उभा. एकामागून एक टोपल्या आल्या. राजानं पहिलीत डोकावलं. रिकामी. दुसरी, तीही रिकामी. सगळ्याच रिकाम्या!

राजानं लोकांकडं वळून विचारलं, "म्हणजे... एकाही गावाला हे निशाण नको?"

शेळीवाली म्हातारी पुढं आली.

"नको कसं, लेकरा? टोपल्या आणल्यात की. पण फुलं हायत कुठं? माळावर बघ जरा."

राजानं मान वळवली. नजर जाईल तिथवर नुसती माती. पिवळा ठिपका म्हणून नाही.

"कुणी केलं हे?"

"आम्हीच. मुळासकट उपटला. शेळी कधी घासंल, पोर कधी तोडंल, काय नेम? आमचा होता तवर कुणी उपटला नव्हता. तुझा झाला, अन् भ्या वाटाय लागलं. यंदा देवीचा घट बी बिनमाळेचा बसला, बाबा."

राजानं प्रधानाकडं पाहिलं. प्रधानाला तर मान वर करवेना.

मग राजा स्वतः कोंडवाड्यापाशी गेला आणि दार उघडलं. दवंडी मागं घेतली. निशाण घडी घालून ठेवलं.

पावसाळा आला. मातीत पडलेलं बी उगवलं. तरवडच तो, कुणाच्या परवानगीनं थोडाच उगवतो! पुढं जाऊन एका दसऱ्याला टोपल्या ओसंडून आल्या आणि निशाण चढलं.

तेवढ्यात म्हातारीची शेळी आली आणि निशाणाच्या काठीलाच अंग घासू लागली. शिपायानं दांडका उचलला, राजाकडं पाहिलं, आणि हळूच खाली ठेवला.

तात्पर्य काय, तर बाळांनो, सगळ्यांच्या वस्तूला मान जरूर द्यावा. पण त्या मानाला धाकाचं कुंपण घातलं, की ती कुणाचीच राहत नाही.