हंड्यात कोंडलेल्या गप्पा

एका राज्यात माणिकसेन नावाचा राजा होता. राजा गुणी, पण उतावळा हो, फार उतावळा! त्याच्या प्रजेची रीत अशी, की पाहुणा निघायला उठला की खऱ्या गप्पा दारात उभ्याने सुरू होत. राजाला त्याचा वीट आला. तेव्हा डोंगरावरचा नेमकनाथ मांत्रिक दरबारात येऊन म्हणाला, "महाराज, हे रिकामे शब्द मला द्या."

"न्या," राजा म्हणाला.

मांत्रिकाने राज्यातले सगळे 'बरं का', 'अय्या', 'अहो', 'जेवलात का' असले बोल तांब्याच्या हंड्यात कोंबले, वर झाकण घातले आणि तो चालता झाला.

दुसऱ्या दिवशी राजा शिकारीला निघाला. त्या देशात निघणारा माणूस 'येतो' म्हणे, 'जातो' कध्धी नाही. पण 'येतो' तर हंड्यात! "मी जातो," राजा म्हणाला. "जा," राणी सुगंधा म्हणाली. झाले! घोडा जो सुटला तो वळेचना, राजाला मानही मागे फिरवता येईना. सातव्या दिवशी तो पृथ्वीच्या कडेपलीकडे जाणार होता. राणी सज्जात धावली. जिवाचा माणूस डोळ्यांदेखत चालला, आणि हाक मारायला शब्द नाही!

तिची साळुंकी म्हणाली, "राणीसरकार, पाखरांचे शब्द कुणी नेले नाहीत. मला तीनच बोल येतात, ते घ्या." राणी साळुंकीला खांद्यावर घेऊन तडक डोंगराकडे निघाली.

पायथ्याच्या विहिरीवर राक्षसीण आडवी आली. "खाऊन टाकीन!"

"जेवलात का, आजी?" राणीने साळुंकीचा पहिला बोल काढला.

राक्षसीण ढसाढसा रडू लागली. "शंभर वर्षांत कुणी विचारलं नाही गं! माझा भाचा नेमक्या वर राहतो. त्याच्यासाठी रोज लाडू वळते, पण मेला फिरकत नाही." तिने वाट सोडली.

पुढे वाघ. त्याची दाढ ठणकत होती. तो आपले दुखणे सांगू लागला, आणि राणी मध्येमध्ये दुसरा बोल म्हणू लागली, "मग?" दोन दिवस वाघ बोलत होता. सगळे सांगून झाले तेव्हा ठणका थांबला होता. सातव्या दिवशी वाघाने तिला पाठीवरून शिखरावर नेऊन सोडले.

"हंडा मिळणार नाही," नेमकनाथ म्हणाला.

"बरं, निघते हं!" राणीने तिसरा बोल काढला, आणि ती उंबऱ्यात तशीच उभी राहिली. "खाली तुमच्या मावशी भेटल्या. तुमच्या आठवणीने रडत होत्या. शंभर वर्षं रोज लाडू वळतात म्हणे तुमच्यासाठी."

मावशी! लाडू! नेमकनाथाला 'काय सांगता!' म्हणायचे होते, पण तो बोल हंड्यात. त्याचे तोंड लाल झाले, कान लाल झाले. शेवटी त्याने स्वतःच्या हाताने झाकण भिरकावले. "काय सांगता!" असे ओरडत तो हसत-रडत डोंगर उतरत सुटला.

शब्द भुर्रकन राज्यभर उडाले. राणीने मात्र आधी आपला 'अहो' धरला आणि जीव एकवटून साद घातली, "अहो, ऐकलंत का?"

साळुंकीने ती हाक चोचीत धरली, सात डोंगर ओलांडले आणि राजाच्या कानात सोडली. घोड्याचा एक पाय कडेपलीकडे अधांतरी होता. राजाची मान झटकन वळली.

"ओ! आलो, आलो!"

तो वाड्यावर आला, घोड्यावरून उतरला आणि परतलेल्या राणीशी बोलत बसला. दिवेलागण झाली, ताटे वाढून झाली, प्रधान तीनदा खाकरून गेले. राजाराणीचे बोलणे काही संपत नाही. आपली कहाणी तेवढी सुखाने संपली.